तटबंदी पडली आणि रस्ता उभा राहिला: मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गाची कथा

१)
कसमादे पट्ट्यातला माणूस मुंबईला निघाला की देवळ्याहून एसटीने मनमाड किंवा नाशिकरोड गाठतो आणि तिथून पंचवटी एक्सप्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. स्थानकाबाहेर पाऊल पडताच त्याच्यासमोर जो रुंद, गजबजलेला रस्ता येतो, त्याचे नाव दादाभाई नौरोजी मार्ग. बहुतेक जण तो घाईने ओलांडतात. हा रस्ता मराठ्यांच्या धाकातून खोदल्या गेलेल्या एका खंदकाचा आणि त्यामागच्या तटाचा वारसदार आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

२)
उत्तरेस महात्मा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट. दक्षिणेस हुतात्मा चौक. मधले अंतर सुमारे दीड किलोमीटर. ब्रिटिश काळात याचे नाव हॉर्नबी रोड होते. एवढ्या छोट्या अंतरात गॉथिक, इंडो-सारासेनिक, नवअभिजात आणि पारशी-इराणी अशा शैलींच्या इमारती एका रांगेत उभ्या आहेत आणि तरीही रस्ता विस्कळीत वाटत नाही. याचे कारण एका नियमात दडले आहे. त्या नियमापर्यंत पोहोचण्यासाठी आधी किल्ल्यात शिरावे लागते.

३)
१६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, वसाहतीभोवती भक्कम तट उभा राहिला. त्याला तीन प्रमुख दरवाजे होते : दक्षिणेस अपोलो गेट, पश्चिमेस चर्च गेट आणि उत्तरेस बझार गेट. आजही मुंबईकर या भागाला ‘फोर्ट’ म्हणतात. किल्ला गेला, पण त्याचे नाव मागे राहिले.

४)
१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला. माहीमच्या खाडीपलीकडे आता मराठ्यांचे राज्य होते. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. तटाबाहेर रुंद खंदक खोदण्याचे ठरले आणि शहरातील देशी व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी जमा करून दिली. वसईच्या विजयाचा पराक्रम आपल्याकडे नेहमी सांगितला जातो, परंतु त्याची ही खूण मुंबईच्या भूगोलात उमटली आहे.

५)
किल्ल्याच्या रक्षणासाठी आणखी एक गोष्ट करण्यात आली. तटाबाहेरचा मोठा पट्टा मोकळा ठेवण्यात आला, जेणेकरून चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांचा मारा निर्वेध व्हावा. या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल मैदान हे त्याच पट्ट्याचे उरलेले तुकडे होत. आज जिथे मुले क्रिकेट खेळतात, ती जागा एकेकाळी तोफांच्या पल्ल्यासाठी राखून ठेवलेली होती.

६)
तटाच्या आत मात्र दाटी वाढत चालली होती. फेब्रुवारी १८०३ मध्ये फोर्टमध्ये भीषण आग लागली आणि उत्तरेकडील देशी वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. ज्या शत्रूसाठी तट आणि खंदक होते, तो शत्रूच उरला नाही. तरीही तट पुढची चार दशके उभा राहिला. खंदकात सांडपाणी साचू लागले आणि अरुंद दरवाज्यांत गाड्या अडकू लागल्या. संरक्षणासाठी बांधलेली भिंत शहराचाच गळा आवळू लागली.

७)
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी धावली. ज्या कंपनीने ती धाववली, तिच्या सुरुवातीच्या भारतीय संचालकांत जगन्नाथ शंकरशेट होते. बोरीबंदर किल्ल्याच्या उत्तर तटाबाहेर होते. देशावरचा कापूस आता थेट किल्ल्याच्या दारात येऊन पडू लागला. रेल्वे आणि तट या दोन्ही गोष्टी एकत्र नांदणे अशक्य होते.

८)
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. नेमक्या याच वेळी, १८६२ मध्ये, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आला. त्याने तट पाडण्याचा निर्णय अमलात आणला. या कामासाठी नेमलेल्या समितीत वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ होता आणि त्याच्या हाताखाली मंचरजी कावसजी मर्झबान हा तरुण पारशी अभियंता काम करत होता.

९)
येथे जगाकडे एक नजर टाकणे उपयोगी ठरेल. ‘बुलेव्हार्ड’ हा शब्द मुळात युद्धशास्त्रातला आहे. जुन्या डच भाषेतील ‘बोलवर्क’, म्हणजे तटबंदीचा बुरूज, यावरून तो फ्रेंच भाषेत आला. १६७० मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसचे जुने तट पाडून त्यांच्या जागी झाडांच्या रांगांचे रुंद मार्ग करण्याचा आदेश दिला. तेव्हापासून बुरुजाचा शब्द रस्त्याला चिकटला. डिसेंबर १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने व्हिएन्नाचे तट पाडायला सांगितले आणि तिथे रिंगस्ट्रासे हा प्रसिद्ध राजमार्ग झाला.

१०)
मुंबईची गोष्ट व्हिएन्नानंतर अवघ्या पाच-सात वर्षांची आहे. रुंद रस्त्याला सगळेच हौसेने बुलेव्हार्ड म्हणतात. हॉर्नबी रोड मात्र शब्दाच्या मूळ अर्थाने बुलेव्हार्ड होता. पश्चिम तटाच्या आतल्या अंगाने जाणारी एक साधी जुनी वाट, तट कोसळल्यावर मोकळ्या झालेल्या जागेमुळे रुंद झाली. त्या वाटेला नाव होते विल्यम हॉर्नबी याचे. तो १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि वरळीची खिंड बुजवणाऱ्या बांधाशी, म्हणजे ‘हॉर्नबी वेलार्ड’शी, त्याचेच नाव जोडले जाते.

११)
चर्च गेट पाडले गेले, त्याच जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथचे, दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा. दरवाज्याच्या जागी कारंजे आले. सैनिकी शहर संपून नागरी शहर सुरू झाले, ही गोष्ट याहून स्पष्टपणे सांगता आली नसती. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला १८६९ मध्ये विल्यम इमर्सनच्या आराखड्याप्रमाणे क्रॉफर्ड मार्केट पूर्ण झाले. त्याच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे जॉन लॉकवुड किपलिंगची आहेत.

१२)
हा किपलिंग शेजारच्याच सर जे. जे. कला विद्यालयात शिकवत असे. १८६५ मध्ये त्याच परिसरात त्याचा मुलगा रुडयार्ड जन्मला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेचे महत्त्व किपलिंग पितापुत्रांपुरते नाही. नव्या मुंबईच्या दगडी इमारतींवर जी पाने, फुले, पक्षी, माकडे आणि मुखवटे कोरले गेले, त्यांतील बरेच काम या शाळेच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या हातचे आहे.

१३)
मग मोठ्या इमारती लगेच का उभ्या राहिल्या नाहीत? कारण १८६५ मध्ये अमेरिकन युद्ध संपले आणि कापसाचा फुगा फुटला. सट्टेबाजीवर उभ्या राहिलेल्या कंपन्या आणि बँका कोसळल्या, रातोरात श्रीमंत झालेली घराणी रस्त्यावर आली. सरकारी इमारतींचे काम चालू राहिले, पण खासगी बांधकामाला वेग यायला वेळ लागला. हॉर्नबी रोडच्या दुतर्फा दिसणारी भव्य रांग मुख्यतः १८८५ ते १९१९ या काळातली आहे.

१४)
या रांगेचा मुकुटमणी म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने १८७८ मध्ये काम सुरू केले आणि ते दहा वर्षे चालले. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये आला. स्टीव्हन्सचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्याच्या सोबत प्रत्यक्ष काम उभे करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी अभियंता होते, हे क्वचितच सांगितले जाते. २००४ मध्ये युनेस्कोने या स्थानकाला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

१५)
स्थानकासमोर, दोन रस्त्यांच्या बेचक्यात, स्टीव्हन्सचीच दुसरी निर्मिती आहे : मुंबई महानगरपालिकेची इमारत. १८९३ मध्ये ती पूर्ण झाली. तिचा मनोरा सुमारे २३५ फूट उंच आहे. रेल्वेच्या घुमटासमोर नागरिकांच्या संस्थेने आपला त्याहून उंच घुमट उभारला, असे दृश्य येथे दिसते. जवळच त्याच वर्षी, १८९३ मध्ये, अंजुमन-इ-इस्लाम या शिक्षणसंस्थेची इंडो-सारासेनिक धाटणीची इमारत पुरी झाली. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेमागे बद्रुद्दीन तय्यबजी यांचा पुढाकार होता.

१६)
दक्षिणेकडे चालत गेले की वाच्छा अग्यारी लागते, १८८१ सालची. तिच्या दाराशी पंख असलेले, मानवी मुखाचे बैल आहेत. प्राचीन इराण आणि अॅसिरियाच्या राजवाड्यांत असे द्वारपाल असत. पुढे १८९८ सालची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट ही निओगॉथिक इमारत आहे, जिच्या वाचनालयाने पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले. सरकार, रेल्वे, पारशी दाते, मुस्लिम शिक्षणसंस्था, इंग्रज व्यापारी : एवढे भिन्न मालक आणि प्रत्येकाची आवड वेगळी. मग रस्ता एकसंध कसा राहिला?

१७)
उत्तर आहे १८९६ चा नियम. हॉर्नबी रोडवर जो इमारत बांधेल, त्याने तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी कमानदार पडवी सोडलीच पाहिजे, असे बंधन सरकारने घातले. इंग्रजीत हिला ‘आर्केड’ म्हणतात. वर काय बांधायचे, कोणती शैली घ्यायची, खिडक्या टोकदार करायच्या की गोल, हे मालकाने ठरवावे. पायाशी मात्र एका इमारतीची पडवी दुसरीच्या पडवीला मिळाली पाहिजे.

१८)
पॅरिसमध्ये अशी कल्पना आधी आली होती. नेपोलियनच्या काळात आखलेल्या रिव्होली मार्गावर सलग कमानी आहेत. पण तिथे इमारतीचा संपूर्ण दर्शनी भाग एकाच नमुन्याचा असण्याची सक्ती होती आणि हातोडा किंवा भट्टी वापरणाऱ्या कारागिरांना गाळे घेण्यास मनाई होती. मुंबईच्या नियमाने शिस्त फक्त तळमजल्यापुरती मागितली आणि वरचे आकाश मोकळे सोडले. रिव्होली मार्ग एका सुरात चालतो. हॉर्नबी रोडला ठेका एकच आहे, पण सूर अनेक आहेत.

१९)
या पडवीचे शास्त्र साधे आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेल्या काळात ऊन. पडवी या दोन्हींपासून चालणाऱ्याचे रक्षण करते. दुकानाची काच सावलीत राहते, आतला माल उन्हाने विटत नाही आणि गिऱ्हाईक पावसातही थबकते. वरच्या मजल्यांना पडवीच्या छतावरची जागा मिळत असल्याने मालकाचे क्षेत्रफळही फारसे बुडत नाही. म्हणूनच नियम टिकला.

२०)
देवळ्याच्या पाच कंदील चौकासारख्या बाजारपेठेत वाढलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. जुन्या वाड्याची ओसरी ही मालकाचीच असते, पण वाटसरू तिथे टेकला तर त्याला कोणी उठवत नाही. हॉर्नबी रोडच्या नियमाने या सौजन्याला कायद्याचे रूप दिले. जमीन खासगी, छत खासगी, पण चालण्याचा हक्क सर्वांचा. दीड किलोमीटर लांबीची एक सार्वजनिक ओसरीच ती.

२१)
मात्र चित्राची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ज्या वर्षी हा नियम आला, त्याच १८९६ मध्ये, सप्टेंबर महिन्यात, मांडवी भागात ग्रंथिक ज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ उघडकीस आली. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे दाट देशी वस्ती सुरू होत होती आणि तिथल्या खोल्यांत ना हवा होती ना उजेड. शहर सुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला. एका रस्त्यावर चालणाऱ्याच्या डोक्यावर ऊन पडू नये याची कायद्याने काळजी घेतली जात होती आणि जवळच्याच वस्तीत माणसे उजेडावाचून मरत होती.

२२)
या विसंगतीचे आर्थिक मूळ ज्यांनी आयुष्यभर शोधले, त्यांचेच नाव पुढे या रस्त्याला मिळाले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल. दादाभाई नौरोजी (१८२५–१९१७) यांनी भारतातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब आकडेवारीसह मांडला. १८९२ मध्ये ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. १८८६, १८९३ आणि १९०६ अशा तीन वेळा ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा आज रस्त्याच्या दक्षिण टोकाला आहे.

२३)
संपत्तीच्या वहनाचा हा सिद्धांत या रस्त्यावर दगडात पाहता येतो. व्हाइटअवे लेडलॉ या ब्रिटिश कंपनीचे भव्य दुकान येथे होते. विलायती कापड आणि सामान घेण्यासाठी साहेब लोक तिथे येत. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले. विलायती मालाच्या दालनात हातमागाचे कापड विकले जाऊ लागले. इमारत तीच, पडवी तीच, पण व्यवहाराची दिशा बदलली.

२४)
२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या जनसमुदायावर गोळीबार झाला. या लढ्यात एकूण शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पुढे कारंज्याशेजारी हुतात्मा स्मारक उभे राहिले आणि चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. ज्या जागी एकेकाळी मराठ्यांना बाहेर ठेवणारा दरवाजा होता, त्याच जागी आज मराठी शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प हातात मशाल धरून उभे आहे.

२५)
स्वातंत्र्यानंतर रस्त्यावर वेगळे संकट आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्याचा आधार मिळाला, यात शंका नाही. पण दशके लोटली तरी भाडे तेच राहिल्याने मालकांना दुरुस्तीत रस उरला नाही. कमानींवर मोठमोठे फलक चढले, वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या कोरीव खांबांना चिकटल्या आणि वायरींच्या जाळ्यामागे नक्षी दिसेनाशी झाली.

२६)
१९९५ मध्ये मुंबईने वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली लागू केली. अशी नियमावली करणारे ते देशातील पहिले शहर. विशेष म्हणजे या नियमावलीत दादाभाई नौरोजी मार्गाच्या सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण रस्त्यालाच वारसा म्हणून संरक्षण मिळाले. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी फलकांची जागा, आकार, रस्त्यावरचे दिवे आणि बाक यांची एक संहिता तयार केली. फलक कमानीवर नको, कमानीच्या आत हवा, हे तिचे साधे सूत्र होते.

२७)
या प्रयत्नात नोटिसांपेक्षा समजावणीचा उपयोग अधिक झाला. काही दुकानदारांनी आपणहून फलक उतरवले आणि झाकलेल्या कमानी पुन्हा दिसू लागल्यावर शेजाऱ्यांनीही तेच केले. रहिवासी आणि व्यावसायिक यांची एक संघटना उभी राहिली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. १८९६ मध्ये जे सक्तीने घडले, त्याची राखण शंभर वर्षांनी संमतीने झाली.

२८)
प्रश्न मात्र संपलेला नाही. पडवी कोणाची? चालणाऱ्याची, दुकानदाराची, की तिथे पुस्तके, घड्याळे आणि कपडे विकून पोट भरणाऱ्या फेरीवाल्याची? पडवी रिकामी असेल तर ती केवळ शोभेची ठरते आणि गच्च भरली तर चालणाऱ्याला उन्हात उतरावे लागते. नियम करणाऱ्यांनी १८९६ मध्ये ती चालणाऱ्यासाठी सोडायला लावली होती. त्या मूळ हक्काची आठवण ठेवूनच इतरांना जागा कशी द्यायची, हे दर पिढीला नव्याने ठरवावे लागते.

२९)
आज देवळा, सटाणा, कळवण अशा गावांत रस्ते रुंद होत आहेत आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या इमारती चढत आहेत. त्या प्रत्येक गावासाठी या जुन्या रस्त्याचा धडा उपयोगी आहे. सौंदर्यासाठी प्रत्येक इमारत सारखी असावी लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. चालणाऱ्या माणसाला सावलीची एक पट्टी द्यायची, एवढी एकच गोष्ट सर्वांनी पाळली तरी पुरते.

३०)
पुढच्या वेळी पंचवटीने मुंबईत उतरल्यावर लगेच टॅक्सी न पकडता हुतात्मा चौकापर्यंत पडवीतून चालत जावे. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दर इमारतीपाशी मान वर करून पाहावे : कुठे टोकदार कमान, कुठे इराणी बैल, कुठे जे. जे.च्या एखाद्या अनाम विद्यार्थ्याने कोरलेले पान. आणि पायांखाली जी सपाट फरसबंदी लागते, तिच्या आसपास कुठेतरी तो खंदक बुजलेला आहे, ज्यासाठी १७३९ मध्ये मुंबईच्या घाबरलेल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये मोजले होते.